तिकीट खरं की खोटं, हे पैसे देण्याआधी कळू द्या

प्रति,
मोठे संगीत कार्यक्रम भरवणारे आयोजक,
त्यांची तिकिटं विकणाऱ्या कंपन्या,
आणि महाराष्ट्र शासनाचा गृह विभाग.

सविनय नमस्कार.

मी बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. नोट हातात आली की आधी बोटांना कळायचं, मग डोळ्यांना. ही ओळख अंगात मुरलेली असतानाही गेल्या हिवाळ्यात मी चौदा हजार रुपये मोजून दोन खोटी तिकिटं घेतली. कार्यक्रमाच्या दारात उभं राहीपर्यंत मला ती खरीच वाटत होती.

हे पत्र आजच लिहायचं कारण असं की नव्या हंगामाच्या जाहिराती सुरू झाल्या आहेत आणि तिकिटांच्या अटींमध्ये पुन्हा तीच ओळ आली आहे: दुसऱ्या व्यक्तीकडून घेतलेल्या तिकिटाची कोणतीही जबाबदारी आयोजकांवर राहणार नाही. मागच्या वर्षीही हीच ओळ होती. वर्षभरात एवढी माणसं फसली आणि तुमच्याकडून बदललं काहीच नाही, हे मला गप्प बसून सहन होत नाही.

झालं ते थोडक्यात सांगते. माझी मुलगी सीए झाली. तुला काय हवं, असं विचारल्यावर ती म्हणाली, एका कार्यक्रमाला जाऊ या, तूपण चल. तिकिटं विकायला निघाली तेव्हा ती अभ्यासात बुडालेली होती, त्यामुळे तेव्हा काढायचं राहून गेलं होतं. मग तिच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. दोन तिकिटं आहेत, आईचं ऑपरेशन ठरलंय, जाता येत नाही. तिकिटाची मूळ किंमत साडेसहा हजार, मागणी सात हजारांची. तिप्पट मागितले असते तर काळा बाजारवाला समजून मी फोन ठेवला असता. निम्म्यात देतो म्हणाला असता, तरी संशय आला असता. चार महिने पैसे अडकले त्याचे पाचशे रुपये, असं तो म्हणाला आणि मला ते रास्त वाटलं.

मी मागितलं ते सगळं त्याने दिलं. आधार कार्डाचा फोटो दिला, बुकिंगचा ईमेल दिला, ॲप उघडून ऑर्डर दाखवणारा छोटा व्हिडिओही पाठवला. निम्मे पैसे आधी आणि पीडीएफ आल्यावर निम्मे, असं ठरलं. पीडीएफ आली. स्टँड, रांग, खुर्ची, तारीख, क्यूआर कोड, सगळं जागच्या जागी. पैसे पाठवताना खात्यावर वेगळंच नाव दिसलं, तेव्हा भावाचं खातं आहे म्हणाला. तिथे मी थांबायला हवं होतं. चेकवरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं नाही तर काउंटरवर मी कुणाचाही चेक पुढे सरकवला नसता. ती चूक माझी, आणि ती मी इथे सगळ्यांसमोर कबूल करते.

दारावरच्या मुलाने मशीन फोनवर धरलं. लाल दिवा लागला. त्याने मुलीला ब्राइटनेस वाढवायला सांगितला, ती म्हणाली फुलच आहे. तिसऱ्यांदा लाल दिवा लागल्यावर त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली. हा कोड ५ वाजून ४२ मिनिटांनी आत गेलेला होता. “मॅडम, साइड में,” एवढंच तो म्हणाला. मागे रांग होती, त्याचंही चुकलं नाही.

बाजूला कठड्याला लागून आमच्यासारखी आणखी माणसं उभी होती. मी मोजली, अकरा. त्यातला एक मुलगा कोल्हापूरहून रात्रीच्या बसने आलेला, पाठीवर अजून सॅक. त्याने आपली पीडीएफ दाखवली आणि माझ्या मुलीने तिची. स्टँड तोच, रांग तीच, खुर्चीसुद्धा तीच. मग नाशिकहून आलेल्या एका जोडप्याने त्यांचा फोन पुढे केला, तर त्यांच्याही एका तिकिटावर तोच नंबर. एका खुर्चीची तीन तिकिटं घेऊन आम्ही बाहेर उभे होतो आणि त्या खुर्चीवर चौथंच कुणी तरी आत बसलेलं होतं. आतून पहिल्या गाण्याचा आवाज आला तेव्हा मुलगी म्हणाली, “आई, चल. आत्ता निघालो तर लोकलला गर्दी नसेल.”

आता माझ्या तक्रारी.

पाचशेची खोटी नोट ओळखायला मला कुणाची परवानगी लागत नाही. नोट उजेडात धरली की गांधीजींचं जलचिन्ह दिसतं. तिरकी केली की हिरवा सुरक्षा धागा निळा होतो. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी कडेला उठावदार रेघा आहेत. रिझर्व्ह बँकेने या खुणा जाहीर केल्या, त्यांची पोस्टरं बँकेत लावली. भाजीवालीलाही त्या माहीत असतात. तुमच्या तिकिटाला, ते विकत घेणाऱ्या माणसाला पारखता येईल अशी कोणती खूण आहे? एकही नाही. खरं की खोटं हे सांगणारं मशीन फक्त तुमच्या दारावर आहे आणि ते बोलतं तेव्हा आमचे पैसे, बसचं भाडं, सुट्टी सगळं गेलेलं असतं. कोणता कोड चालू आहे, कोणता रद्द झाला, कोणता आत गेला, ही सगळी नोंद तुमच्या कॉम्प्युटरमध्ये क्षणाक्षणाला असते. तरी ‘सावध राहा’ हे सांगायचं आम्हाला. ज्याच्याकडे तपासायचं साधन आहे त्याने ते कुलपात ठेवायचं आणि ज्याच्याकडे नाही त्याच्यावर जबाबदारी टाकायची, हे मला मान्य नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे, बाकीच्या तिच्या पाठोपाठ येतात.

बँकेत खोटी नोट आली तर आम्ही ती परत देत नसू. ती जमा करून घ्यायची, तिच्यावर बनावट असल्याचा शिक्का मारायचा, रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि ग्राहकाला सही-शिक्क्याची पावती द्यायची. ग्राहकाने सही करायला नकार दिला तरी पावती द्यायचीच. एकाच व्यवहारात पाच किंवा जास्त खोट्या नोटा निघाल्या तर पोलिसांत गुन्हा नोंदवायचा. तुमच्या दारावर त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर अकरा माणसं अडवली गेली. एकाचंही नाव कुणी लिहून घेतलं नाही. ५ वाजून ४२ मिनिटांची ती नोंद मला कागदावर द्या, असं मी दोन जणांना विनवलं. दोघांनीही तशी काही पद्धत नाही म्हणून सांगितलं. पुढे पोलिसांत गेल्यावर पहिला प्रश्न आला तो पुराव्याचा. माझ्याकडे होतं फक्त माझं बोलणं.

तिसरं गाऱ्हाणं खरेदीदाराचं नाही, प्रामाणिक विकणाऱ्याचं आहे. चार-चार महिने आधी तिकिटं विकता. तेवढ्या काळात माणसाच्या घरात आजारपण येतं, बदली होते, परीक्षेची तारीख सरकते. बऱ्याच कार्यक्रमांचं तिकीट परत घेतलं जात नाही आणि दुसऱ्याच्या खात्यावरही करता येत नाही. मग त्या माणसाने काय करायचं? तो ग्रुपवर मेसेज टाकतो. त्याच ग्रुपवर, त्याच शब्दांत भामटाही मेसेज टाकतो. दोघांत फरक करायला आमच्याकडे काही राहत नाही. रेल्वेचंच पाहा. कन्फर्म तिकीट असेल तर गाडी सुटण्याच्या २४ तास आधी अर्ज देऊन ते आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा किंवा बायकोच्या नावावर करून मिळतं. डब्यात टीसी नाव आणि ओळखपत्र पाहतो. रेल्वे तिकिटांचा बेकायदा धंदा करणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या १४३ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एवढ्या मोठ्या देशाच्या गाड्यांना जे जमतं ते एका मैदानाला जमणार नाही, हे मला पटत नाही.

अनोळखी माणसाकडून तिकीट घेणं म्हणजे काही वाईट काम केलं, असा सूर मला ठिकठिकाणी ऐकू आला. नातेवाइकांकडूनही. मी दादरच्या शिवाजी मंदिराच्या दारात ‘जास्तीचं तिकीट आहे का’ असं विचारत उभी राहिलेली आहे, आणि ठाण्याच्या गडकरी रंगायतनला माझ्याकडचं जास्तीचं तिकीट अनोळखी बाईंना दिलेलं आहे. छापलेल्या किमतीला, खिडकीसमोरच. त्या बाई मग तीन तास माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसल्या होत्या. तिकीट देणारा माणूस शेजारी बसणार, ही त्या व्यवहाराची हमी होती. आता विकणारा माणूस कुठल्या गावात बसलाय हेही कळत नाही, म्हणून ती हमी तुमच्या यंत्रणेने द्यायला हवी.

गृह विभागाला हे नवीन नाही. २०२३ च्या नवरात्रात बोरिवलीतल्या दांडियाचे पास स्वस्तात देतो असं सांगून दीडशेहून जास्त तरुणांना सुमारे पाच लाखांना गंडवल्याची तक्रार पोलिसांत झाली. २२ सप्टेंबर २०२४ ला कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची विक्री सुरू झाली, बघता बघता तिकिटं संपली आणि अडीच ते पस्तीस हजारांची तिकिटं लाखांच्या भावाने फिरू लागली. पुढच्याच महिन्यात ईडीने पाच शहरांत छापे घातले. इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, टेलिग्रामवरून तिकिटं विकली जात होती आणि त्यात बनावटही होती, हे तेव्हा जाहीर झालं. तिकिटावर प्रेक्षकाचं नाव असावं आणि दारात ते ओळखपत्राशी ताडून पाहावं, अशी सूचना राज्य पोलिसांच्या ‘महाराष्ट्र सायबर’ विभागाने त्याच सुमारास तिकीट कंपनीला केली होती. जानेवारी २०२५ मध्ये या काळ्या बाजाराविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली, ती असे नियम करणं हे विधिमंडळाचं आणि शासनाचं काम आहे असं सांगून. म्हणजे चेंडू तेव्हापासून तुमच्याकडे आहे. फसवणुकीचं कलम आहे, कॉम्प्युटर किंवा फोन वापरून, दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणाऱ्यासाठी आयटी कायद्याचं ६६ ड आहे, पण ही सगळी फसवणूक झाल्यानंतरची आणि भामटा सापडला तरची. तिकीट विकणाऱ्या कंपनीवर पडताळणीचं बंधन घालणारा नियम मला हवा आहे. आयर्लंडने २०२१ मध्ये आणि त्याआधी जपानने २०१९ मध्ये जादा भावाने तिकीट विकण्याविरुद्ध स्वतंत्र कायदे लागू केले. आपल्याकडे नुसती पत्रकं निघाली.

एक गोष्ट माझ्या अनुभवातून. कार्यक्रम एका पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, माझं घर दुसऱ्या आणि पैसे गेलेलं खातं परराज्यातलं. हद्द कुणाची, यात माझे दोन दिवस गेले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार हद्द कोणतीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायचा असतो, हे मला तिसऱ्या दिवशी एका वकील मैत्रिणीने सांगितलं. मला समोरच्या हवालदारांना दोष द्यायचा नाही, ते अदबीने बोलले. पण हे कलम प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर मराठीत लिहिलेलं असावं.

हे पत्र तुमच्याशिवाय इतरही वाचतील. यंदा तिकीट शोधणारी मुलं वाचतील, त्यांचे आईवडील वाचतील. तुम्ही काही करेपर्यंत त्यांनी फसू नये म्हणून मला कळलं ते इथेच लिहिते.

पीडीएफ, स्क्रीनशॉट, व्हिडिओ यातलं काहीही म्हणजे तिकीट नव्हे. खऱ्या तिकिटाची पीडीएफसुद्धा दहा जणांना विकता येते आणि जो आधी पोचतो तो आत जातो. आमच्या बाबतीत बहुधा हेच झालं. म्हणून विकणारा अगदी खरं बुकिंग दाखवत असला, तरी ते आपल्याला मिळालं असं होत नाही. ॲपमधून तिकीट त्याच्या खात्यातून तुमच्या खात्यात येण्याची सोय असेल तरच घ्या. तिकीट तुमच्या फोनमध्ये, तुमच्या नावाच्या खात्यात दिसल्यावर पैसे द्या, त्याआधी एक रुपयाही नको. ‘निम्मे आधी’ ही पद्धत सावधगिरीची वाटते, पण त्यात निम्मे जातातच. तशी सोय नसेल तर तिकिटाच्या मालकाला दारावर भेटा, त्याच्यासोबत रांगेत उभे राहा, मशीनवर हिरवा दिवा लागल्यावर पैसे द्या. जो याला तयार होत नाही त्याला सोडून द्या. त्याच्या आईचं ऑपरेशन खरं असेलही, तरी सोडून द्या.

आधार कार्डाचा फोटो पाहून विश्वास ठेवू नका, तो आणखी कुणा फसलेल्याचा असू शकतो. माझ्याकडून त्याने ‘तुमचंही आधार पाठवा, मलाही खात्री हवी’ म्हणून फोटो मागून घेतला होता. माझं कार्ड आता कुणाला दाखवलं जात असेल, हा विचार मला चौदा हजारांपेक्षा जास्त छळतो. खात्याचं नाव आणि बुकिंगचं नाव वेगळं असेल तर तिथेच थांबा. पैसे परत करतो म्हणून कुणी क्यूआर पाठवला तर तो स्कॅन करू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही. आणि तिकीट मिळाल्याच्या आनंदात त्याचा फोटो स्टेटसला टाकू नका, तो कोड कुणीही उचलतो.

फसलात तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. मी त्या रात्री रडणाऱ्या मुलीला घेऊन घरी आले आणि सकाळी अकरा वाजता फोन केला. तोवर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जाऊन काढले गेले होते. रात्री दारावरूनच फोन केला असता तर कदाचित काही रक्कम गोठवता आली असती. बँकेत काम केलेल्या बाईला हे सुचू नये, याचं मला फार वाईट वाटतं. मेसेज, नंबर, व्यवहाराचा क्रमांक काही पुसू नका.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

तिकीट कंपन्यांनी पैसे देण्याआधी पडताळणीची सोय द्यावी. तिकिटाचा क्रमांक टाकला की ते चालू आहे, रद्द आहे की दुसऱ्याच्या खात्यावर गेलं आहे, एवढं उत्तर यावं. नाव, फोन काही दाखवायची गरज नाही. आणि तिकीट एका खात्यातून दुसऱ्या खात्यात छापील किमतीलाच करता यावं, तसं झाल्याक्षणी जुना कोड बाद व्हावा. हे झालं तर बाकी निम्मा प्रश्न आपोआप सुटेल. याला खर्च येईल, तो तुम्ही प्रत्येक तिकिटावर घेता त्या सुविधा शुल्कातून करावा. मला ती एक सुविधा हवी आहे.

आयोजकांनी दाराजवळ एक टेबल मांडावं, त्यावर एक माणूस बसवावा. अडवलेल्या प्रत्येकाला कोड, वेळ आणि नाकारण्याचं कारण लिहिलेली सहीची पावती मिळावी. रात्री त्या सगळ्या नोंदी एकत्र करून पोलिसांना द्याव्यात. एकाच खुर्चीची तीन तिकिटं निघाली, हे तीन वेगळ्या गावांतल्या तीन वेगळ्या तक्रारींतून कधीच दिसणार नाही. तुमच्या एका यादीत ते लगेच दिसेल.

गृह विभागाने मोठ्या कार्यक्रमाला परवानगी देतानाच या दोन गोष्टी अट म्हणून घालाव्यात. पोलीस बंदोबस्त, अग्निशमन, आवाजाची मर्यादा यांच्या अटी घालताच, तशीच ही. कार्यक्रमाच्या दिवशी मैदानाबाहेर सायबर पोलिसांचा एक माणूस असावा, म्हणजे १९३० ची तक्रार तिथेच नोंदवून होईल. कायदा विधिमंडळात येईल तेव्हा येईल, परवानगीच्या कागदावर एक ओळ वाढवायला अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही.

माझे पैसे मला परत नकोत, तशी मागणी मी कुणाकडेही केलेली नाही. पण अटींमधली ती ओळ तशीच ठेवणार असाल तर तिच्या शेजारी पडताळणीची सोय असायला हवी. सोय देणार नसाल तर ती ओळ काढा.

येत्या कार्यक्रमाच्या विक्रीसाठी माझ्या मुलीने नाव नोंदवलं आहे. तिला तिकीट मिळेल की नाही, माहीत नाही. विक्री सुरू होण्याआधी या पत्राचं उत्तर जाहीरपणे मिळावं, ही विनंती. पीडीएफच्या दोन प्रती, बँकेच्या दोन नोंदी आणि त्या माणसाशी झालेलं सगळं बोलणं मी छापून ठेवलं आहे. मागाल तेव्हा घेऊन येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कॅशियर,
डोंबिवली